छापखान्यातल्या कमोडवरचा आळ

मी एक जुना कमोड आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मित्रांनो. शाळेत फळ्याचं आत्मवृत्त लिहायला सांगतात, छत्रीचं सांगतात, फाटक्या पुस्तकाचं सांगतात. कमोडचं कोणी सांगत नाही. मीही गप्पच बसलो असतो, कारण गप्प बसणं हाच माझा धंदा आहे. पण माझ्यावर एक खोटा आळ आला आणि तो ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं. मला डोकं नाही, हे मला माहीत आहे. तरी फिरलं.

आधी जन्म सांगतो, तो सांगावाच लागतो. पांढऱ्या मातीचा चिखल साच्यात ओतून मला घडवलं, आठ दिवस वाळवलं, अंगावर पातळ लेप दिला आणि भट्टीत घातलं. भट्टीत तो लेप वितळून काच झाला. बाहेर आल्यावर एका बाईंनी लाकडी हातोडीने माझ्यावर टकटक केलं आणि कान लावून ऐकलं. आत तडा असला तर आवाज बद्द येतो. माझा खणखणीत आला. बाई शेजारणीला म्हणाल्या, "हा आपल्या दोघींच्या मागे राहील बघ." माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर जवळजवळ शेवटचंच.

तिथून मी एका छापखान्यात आलो. मालकांचे गुडघे धरले होते, त्यांना खाली बसता येईना, म्हणून मला आणलं. पुढे मालकांची काचेची खोली, मग छपाईचं मोठं मशीन, मग कागद कापायचं मशीन, खिडकीशी एक लांब टेबल, आणि सगळ्यात मागे हात धुवायचं बेसिन. बेसिनच्या बाजूला माझी खोली. दीड पाऊल रुंद, दोन पावलं लांब, वर एक झरोका आणि दाराला आतून कडी. माणसं चौदा आणि मी एकटा. बसवल्या दिवशी सगळे मला बघायला आले. लांब टेबलावर छापील कागदांच्या घड्या घालणाऱ्या सहा बायका होत्या. त्यांची प्रमुख मोठी ताई. तिने तीनदा पाणी सोडून बघितलं आणि "बरंय, आवाज कमी आहे," असा निकाल दिला.

त्यानंतर पंधरा वर्षं मी काम केलं. सुट्टी नाही, आजारपण नाही. तुंबलो मात्र पुष्कळदा, ते कबूल करतो. दुपारी साफसफाईला मावशी यायच्या आणि माझ्याशी बोलत बोलत मला घासायच्या. बाकी सगळे नाक दाबून यायचे आणि मोकळे होऊन जायचे. तेही ठीक. मला वाईट कधी वाटलं नाही.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर तुम्ही विचाराल की कमोडला एवढं कसं कळलं. माणूस आत येतो, कडी लावतो आणि त्याला वाटतं की आता जगात दुसरं कोणी नाही. मग तो रडतो, आरशाशिवाय भाषणं करतो, साहेबाला शिव्या देतो. आणि हल्ली फोनवर बोलतो. मी सगळं ऐकतो. बेसिनशी बायका उभ्या राहून बोलतात, तेही दाराखालच्या फटीतून माझ्यापर्यंत येतं.

छपाईच्या मशीनवर जो होता त्याला सगळे मशीनवाले म्हणत. कामात चोख माणूस. शाई एक केसभर जास्त लागली तरी त्याला दिसायची. त्याची बायको घडीच्या टेबलावर. सहा जणींत ती वयाने लहान, म्हणून तिचं नाव धाकटी पडलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. धाकटी गुणगुणत घड्या घालायची आणि माझ्याकडे आली तरी गुणगुणत यायची. मला ती आवडायची, यात लपवण्यासारखं काय आहे?

एकदा मालकांनी नवं मशीन घ्यायचं ठरवलं आणि ते शिकायला मशीनवाल्याला आठ दिवस दुसऱ्या गावी पाठवलं. तिथे काय झालं, कोणाबरोबर झालं, ते मी सांगणार नाही. मला ते माहीत नाही आणि त्या व्यक्तीवर माझा रागही नाही. तिलाही कोणी काही सांगितलं नसेल. माझा राग पुढच्या गोष्टीवर आहे.

तो परत आल्यावर तीन-चार आठवड्यांनी एका सकाळी आत आला, कडी लावली आणि दोस्ताला फोन लावला. आवाज खाली, पण शब्द स्पष्ट, पलीकडच्या दोस्ताचेही. नको त्या जागी एक जखम झाली होती. दुखत नव्हती, पण भीती वाटत होती. दोस्त म्हणाला, "दाखव जाऊन. लाजू नकोस." तो गेला, हे चांगलं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

"गरमी म्हणे, सिफिलिस. इंजेक्शन दिलं. बरं होईल म्हणाले पूर्ण."

"मग सुटलास की."

"सुटलो कसला! बायकोला घेऊन या म्हणतायत. तिच्या नावाची वेगळी चिठ्ठी दिलीय. दोघांनी औषध घ्यायला पाहिजे म्हणे."

"मग दे की तिला चिठ्ठी."

"देऊ आणि काय सांगू? कुठून आणलं म्हणू?"

त्याची नजर खाली माझ्यावर आली. मी ती नजर कधी विसरणार नाही, मित्रांनो. वर्गात काच फुटल्यावर सगळे त्या एका पोराकडे बघतात ना, जे उलटून काही बोलत नाही, तशी ती नजर होती.

"संडासातून लागलं म्हणून सांगतो," तो म्हणाला. "सगळे वापरतात. कोण विचारणार आहे?"

त्याने खिशातून चिठ्ठी काढली, तिचे चार तुकडे केले आणि माझ्यात टाकून पाणी सोडलं. धाकटीच्या नावाची चिठ्ठी होती ती. मी आयुष्यात शंभर वेळा तुंबलो असेन. केसांच्या गुंत्याने तुंबलो, कोणाच्या तरी रुमालाने तुंबलो. त्या दिवशी मात्र सगळं सुरळीत वाहून गेलं. ते चार तुकडे मी धरून ठेवले असते, वर तरंगत ठेवले असते, तर नंतर आलेल्या कोणीतरी ते बघितले असते. या गोष्टीसाठी मी स्वतःवर अजून चिडतो.

छापखान्यात त्याने सांगितलं ते असं: "इन्फेक्शन झालंय मला. या कमोडमुळे." कागद कापणारा लगेच दोन पावलं मागे सरला. प्रुफं तपासणारे चष्मेवाले काका म्हणाले, "असणारच. सार्वजनिक जागा." एवढे शिकलेले काका, पण त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. मालकांनी बोलणी ऐकवली ती मावशींना. बिचाऱ्या मावशींनी मला दिवसातून दोनदा ऍसिडने घासायला सुरुवात केली. त्यांच्या बोटांची सालं गेली. चूक कोणाची आणि बोटं कोणाची!

म्हणून मी आता मोठ्याने सांगतो, आणि तुम्ही नीट ऐका. तुम्ही मोठे होताय आणि हे तुम्हाला कोणीतरी सरळ शब्दांत सांगायला हवं. गरमीसारखे जे रोग आहेत, त्यांचे जंतू माणसाच्या ओल्या, उबदार अंगात जगतात. माझ्या थंड, कोरड्या काठावर त्यांचा निभाव लागत नाही. नवरा-बायको जसे एकमेकांच्या जवळ येतात, तसा शरीराचा शरीराशी संबंध आला की ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात. आईकडून पोटातल्या बाळाकडे जातात. यातले काही रोग रक्तातूनही जातात. पेल्यातून जात नाहीत, टॉवेलमधून जात नाहीत, हातात हात घेतल्याने जात नाहीत आणि माझ्यावर बसल्याने तर नाहीतच. मला घाण ठेवलंत आणि हात न धुता जेवलात तर पोट बिघडेल. तो दोष माझ्यावर टाका, मी घेतो. पण हा घेणार नाही.

एक-दोन आठवडे गेले. एका सकाळी धाकटी धावत आली आणि माझ्यात ओकली. मग तोंड पुसून भिंतीला टेकून उभी राहिली आणि एकटीच हसली. बाहेर बेसिनशी मोठी ताई होती. "काय गं?" तिने विचारलं. धाकटी म्हणाली, "ताई, राहिलंय वाटतं." त्या दिवशी घडीच्या टेबलावर एवढा कल्ला झाला की मालक खोलीतून बाहेर आले. मीही खूश होतो. पण मला भीतीही वाटत होती, कारण ते चार तुकडे कुठे गेले हे एकट्या मला माहीत होतं.

आणि मग जे झालं ते ऐकून तुमचाही विश्वास बसणार नाही. महिन्याभराने मशीनवाला पुन्हा आत आला, कडी लावली आणि फोनवर ओरडलाच.

"परत झालंय! तसंच! आणि आईशप्पथ सांगतो, या वेळी मी कुठे गेलो नाही. छापखाना ते घर, घर ते छापखाना!"

"मग कुठून आलं?" दोस्त म्हणाला.

"कुठून म्हणजे? यातूनच!" आणि त्याने मला लाथ घातली.

मित्रांनो, त्या दिवशी तो खोटं बोलत नव्हता. पहिल्यांदा खोटं बोलला होता, ते इतक्या वेळा बोलला की आता त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. जे त्याने धाकटीला दिलं होतं, जे तिच्या अंगात औषधाविना तसंच राहिलं होतं, तेच त्याच्याकडे परत आलं होतं. डॉक्टरांनी दोघांना एकदम बोलावलं होतं ते याचसाठी. एवढं साधं गणित. पण ते सोडवायचं तर पहिली ओळ खरी लिहावी लागते, आणि ती त्याला लिहायची नव्हती. तो गेला, परत एकटाच इंजेक्शन घेऊन आला, आणि तिथून थेट मालकांकडे तक्रार करायला गेला.

दुसऱ्या दिवशी माझ्या दाराला कुलूप लागलं. छापखान्यात कागदाला काय तोटा! मोठ्या ठळक अक्षरांत नोटीस छापली: "रोगप्रसार होत असल्यामुळे हे शौचालय बंद आहे." चष्मेवाल्या काकांनी ती तपासली आणि 'शौचालय' बरोबर लिहिलंय याची खात्री केली. नोटिशीतला रोगप्रसार खरा आहे का, हे तपासायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

मी अंधारात बसलो. पुरुषांनी मागची भिंत गाठली. बायकांना मात्र रस्ता ओलांडून समोरच्या पेट्रोल पंपावर जावं लागायचं. पोटुशी धाकटी तर किती वेळा जाणार? तिने पाणी पिणंच सोडलं. बेसिनशी ताई तिला रागवायची आणि दाराखालच्या फटीतून मला सगळं ऐकू यायचं. तेव्हाच ऐकलं की धाकटीच्या तळहातांवर तांबूस ठिपके उठले होते. खाजत नव्हते, दुखत नव्हते. ताई म्हणाली, "खळीचं असणार. कव्हरं चिकटवायच्या खळीत काय काय घालतात हल्ली." आणि तिने धाकटीच्या हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. म्हणजे आता माझ्या जोडीला खळीचा डबाही आरोपी झाला. जगातल्या प्रत्येक वस्तूवर संशय घेतील, पण शेजारच्या माणसाला एक प्रश्न विचारणार नाहीत.

"दवाखान्यातून रक्त तपासायचा कागद दिला होता ना तुला?" ताईने एकदा विचारलं.

"दिलाय. पण हे म्हणतात, कशाला सारखं रक्त काढून घ्यायचं? पुढच्या महिन्यात जाऊ म्हणतात."

पुढच्या महिन्यात! हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, आपण फुटावं. माझ्या ठिकऱ्या उडाव्या, आवाज व्हावा आणि सगळ्यांनी धावत यावं. त्याला कळत होतं, मित्रांनो. कमोडमुळे झालं असं मनाला कितीही पटवलं असलं, तरी मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी कळत होतं, नाहीतर तो तिच्या रक्ताला घाबरला नसता. आणि त्याच्या त्या घाबरण्यावर एका जन्माला न आलेल्या जिवाचे महिने चालले होते.

एका दुपारी धाकटी पेट्रोल पंपावरून येताना रस्त्यातच चक्कर येऊन खाली बसली. ताईने तिला हाताला धरून आणलं, बेसिनशी तोंडावर पाणी मारलं आणि तरातरा मालकांकडे गेली. तिचा आवाज मागपर्यंत आला.

"किल्ली द्या."

"अहो ताई, रोग पसरतो त्याने. नोटीस बघितली ना?"

"नोटीस मीच चिकटवलीय. किल्ली द्या आधी. पोर रस्त्यात गाडीखाली आली असती तर तुम्ही तिचीही नोटीस छापली असतीत."

किल्ली मिळाली. पण सगळ्यांच्या मनात भीती होतीच, म्हणून एक तोडगा निघाला. छपाईत शाई पसरून वाया गेलेले कागद असतात, त्यांचा एक गठ्ठा माझ्या टाकीवर ठेवायचा. जो बसेल त्याने आधी माझ्या काठावर कागद पसरायचा. तो कागद कसला होता हे आता सांगतो, आणि सांगतानाही मला चीड येते. त्याच आठवड्यात आरोग्य खात्याचं वीस हजार माहितीपत्रकांचं काम आलं होतं. विषय: लैंगिक संबंधांतून पसरणारे रोग.

वीस हजार! आठवडाभर ती पत्रकं चौदा जणांच्या हातांतून गेली. मशीनवाल्याने शाई बघितली. कापणाऱ्याने माप बघितलं. बायकांनी कडा जुळल्या का ते बघितलं, त्यातही छापील बाजू आत जाईल अशी घडी होती. चष्मेवाल्या काकांनी अक्षर न् अक्षर वाचलं, पण ऱ्हस्व-दीर्घ बघण्यासाठी. काय लिहिलंय ते कोणीच वाचलं नाही. आणि 'शौचालयाचे भांडे वापरल्याने हे रोग होत नाहीत' असं ज्यावर छापलं होतं, तोच कागद रोग होऊ नये म्हणून माझ्यावर पसरून माणसं बसत होती. मी कोणाला काय म्हणणार?

तिसऱ्या दिवशी धाकटी आली. गठ्ठ्यातला वरचा कागद तिने उचलला. हातांच्या पिशव्या काढलेल्या होत्या. कागद पसरायला वाकली आणि तशीच थांबली. कागदावर तळहाताचं चित्र होतं, त्यावर ठिपके. शाई पसरलेली होती, पण चित्र कळत होतं. तिने आपला हात त्याच्या शेजारी धरला.

मग ती उभ्या उभ्या वाचायला लागली. हळूहळू, ओठ हलवत. न दुखणारी जखम, जी आपोआप जाते आणि माणसाला वाटतं, बरं झालं. मग तळहातांवर, तळपायांवर ठिपके. दोघांनीही उपचार घ्यावेत, नाहीतर एकाकडून दुसऱ्याकडे पुन्हा पुन्हा. गर्भवती स्त्रीने रक्त लवकर तपासून घ्यावे. उपचार न झाल्यास मूल पोटातच दगावू शकते. वेळेवर झाल्यास मूल वाचते. शेवटची ओळ तिने तीनदा वाचली. बाहेर कोणीतरी दार वाजवून गेलं. मग तिने चप्पल काढून आपले तळपाय बघितले, पुन्हा चप्पल घातली आणि कागद हातात घेऊन बाहेर गेली.

"अहो, इकडे या जरा," बेसिनपाशी उभं राहून तिने हाक मारली.

"मशीन चालू आहे."

"बंद करा."

धाकटीचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यानेही नसावा, कारण मशीन खरंच बंद झालं.

"हे तुम्ही छापलंत?"

"हो. का? रंग हललाय?"

"वाचलंत का?"

"मी कुठे वाचतो? मी शाई बघतो."

"तुम्हाला जखम झाली होती. दोनदा. दुखत होती?"

त्याने बेसिनचा नळ उघडला आणि लगेच बंद केला.

"डॉक्टरांनी मला घेऊन या म्हणून सांगितलं होतं का?"

"अगं, कामाच्या गडबडीत ते..."

"सांगितलं होतं का, एवढंच विचारतेय."

"हो."

"भांड्यामुळे झालं म्हणालात. त्या भांड्यावर ताई बसतात. मालक बसतात. कापणारे भाऊ बसतात. बोलवा सगळ्यांना आणि बघा त्यांचे हात. आणि हे माझे बघा."

"हळू बोल गं. माझं चुकलं. मला वाटलं, तू सोडून जाशील."

"म्हणून पोटातल्याला जाऊ देत होतात?"

मला वाटलं, आता हिला रडू येईल. नाही आलं. तिने ताईला हाक मारली, हातातला कागद घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला आणि भर दुपारी, काम टाकून, दोघी दवाखान्यात गेल्या. दहा मिनिटांनी तोही मागून गेला. शाईचे हात तसेच होते, धुवायलाही थांबला नाही.

नंतरचं मला ताईकडून कळलं, म्हणजे ताई बेसिनशी दुसरीला सांगत होती तेव्हा. रक्तात निघालं. दोघांना त्याच दिवशी इंजेक्शनं सुरू केली. नर्सबाईंनी मशीनवाल्याला असा झाडला की बाकावरची माणसं उठून बघायला आली. "अजून वेळ आहे," त्या धाकटीला म्हणाल्या. "पण आणखी दोन महिने अशीच राहिली असतीस, तर मी काही सांगू शकले नसते." घरी काय झालं ते मला माहीत नाही, मी घरी नसतो. छापखान्यात ती दोन महिने त्याच्या डब्यातलं जेवली नाही आणि गुणगुणणं तिने जे बंद केलं ते केलंच.

हात साफ झाले. दिवस भरल्यावर मुलगी झाली. तिचंही रक्त तपासलं, पुन्हा पुन्हा तपासलं, आणि ती ठणठणीत निघाली. ताईने ही बातमी बेसिनशी सांगितली तेव्हा मावशींनी माझ्या झाकणावर एक थाप मारली. ते माझं दुसरं कौतुक समजायला हरकत नाही.

तुम्हाला वाटेल, झालं, माझ्यावरचा आळ गेला. कसला जातोय! मशीनवाल्याने छापखान्यात कोणाला काही सांगितलं नाही. धाकटी आणि ताईही बोलल्या नाहीत, आणि त्यांचं का ते मला कळत होतं. गरमी हा शब्द एकदा बाहेर पडला असता तर कोणी मशीनवाल्याकडे बघितलं नसतं. 'बाईच तशी असेल' म्हणाले असते. म्हणजे आळ घ्यायला दोघंच होते, ती नाहीतर मी. मग मी घेतला. तिच्यासाठी घेतला, त्याच्यासाठी नाही. पण त्या आळापायी माणसं अजून चपला घालून माझ्यावर चढून बसतात. माझी बैठक त्याने तडकली आहे. कापणारा तर घरीच जाऊन येतो. या लोकांना उद्या स्वतःला असं काही झालं तर हे काय करणार? बायकोला सांगायचं सोडून कमोडला शिव्या घालणार, कारण मशीनवाल्याने त्यांना तेच शिकवून ठेवलंय.

असं चार वर्षं चाललं. परवाची गोष्ट. मुलीची शाळा लवकर सुटली म्हणून धाकटी तिला छापखान्यात घेऊन आली. मुलीला घाई लागली. धाकटी तिला माझ्याकडे आणत होती, तेवढ्यात मशीनवाला तिकडून सवयीने ओरडला, "भांड्याला टेकू देऊ नकोस गं तिला! रोग लागतो!"

धाकटी दारातच थांबली. मुलगी चार वर्षांची, तिला प्रश्न विचारायला कोण अडवणार? तिने तिथूनच बापाला विचारलं, "कोणाला लागला, बाबा?"

त्याने ऐकलं नाही असं दाखवलं.

"बाबा, कोणाला लागला रोग?"

घडीच्या टेबलावरचे हात थांबले. धाकटी नवऱ्याकडे बघत होती. ती त्याला वाचवायला पुढे आली नाही. त्याने मशीन बंद केलं.

"मला," तो म्हणाला.

"भांड्याने?"

तो खाली बघत काहीतरी पुटपुटला. तेव्हा टेबलावरून मोठी ताई म्हणाली, "जरा मोठ्याने बोला, मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही." मशीन बंद होतं, मित्रांनो.

"भांड्याने नाही," तो मोठ्याने म्हणाला. चष्मेवाल्या काकांनी चष्मा काढला. कापणाऱ्याने मालकांकडे बघितलं. "बाहेरून मी आणला होता. आणि हिला सांगितलं नव्हतं. हिचा काही दोष नाही."

मुलीला एवढ्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला घाई लागली होती. ती आत आली, धाकटीने तिला माझ्यावर बसवलं, आणि पाय हलवत ती निवांत बसली.

आता आत्मवृत्ताच्या शेवटी मी हात जोडून विनंती करावी, अशी रीत आहे. मला हात नाहीत आणि विनंती करायची इच्छाही नाही. मी अजून चिडलेलो आहे. एक वाक्य बोलायला त्या माणसाला चार वर्षांहून जास्त लागली. ते त्याने पहिल्याच दिवशी, पहिल्यांदा तिच्यापाशी बोलायचं होतं. रोग झाला यात मला लाज दिसत नाही, तो कोणालाही होतो आणि औषधाने बरा होतो. डॉक्टर दोघांना या म्हणाले, तर दोघांनी जायचं, त्याच आठवड्यात. कोणी तुमच्यापाशी येऊन असं काही सांगितलं, तर हसायचं नाही आणि दोन पावलं मागे सरायचं नाही. आणि कोणी भांड्यावर, पेल्यावर, टॉवेलवर बोट दाखवलं, तर त्या बिचाऱ्या वस्तूकडे बघू नका, बोट दाखवणाऱ्याकडे बघा.

ही पोर वाचली ती तिच्या आईने एक खराब झालेला कागद वाचला म्हणून. तो कागद त्या दिवशी गठ्ठ्यात उलटा असता तर? अशा किती आया असतील, ज्यांच्या नावाची चिठ्ठी फाडली गेली आणि ज्यांच्या हाती कुठलाच कागद लागला नाही? त्यांची मुलं कुठे आहेत, हे मला त्यांच्या बापांना विचारायचं आहे. मला विचारता येत नाही. तुम्हाला येतं. तुम्ही विचारा.